इंदूताईंचे पेन्सिलचे शेरे

इंदूताई, शनिवारी आपल्या वाचनालयात पुस्तकं शोधायच्या नव्या कॉम्प्युटर-सर्चचा कार्यक्रम झाला आणि तुम्ही आला नाहीत. येणार तरी कशा, तुम्हाला जाऊन तेरा दिवस झाले होते. पण खरं सांगू? तुम्ही असतात तरी आला नसतात. तुम्ही माझ्यावर रागावून घरी बसला होतात, आणि तुमचा राग म्हणजे काय चीज आहे हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार! तुमची समजूत काढायला यायचं मी ठरवलं होतं. नुसतं ठरवलंच होतं. कार्यक्रम एकदाचा आटोपला की पेढे घ्यायचे, मखमलाबादला यायचं, तुमच्या ओट्यावर बसून निमूटपणे बोलणी खायची आणि विषय मिटवायचा, असा माझा बेत होता. तुम्ही तेवढं थांबला नाहीत. त्याचाही मला राग आलाय, सांगून ठेवते.

घरचे म्हणतात, गेलेल्या माणसाशी भांडू नये. मग मी काय करू हो? इतकी वर्षं आपण दोघींनी दुसरं काय केलं?

मी कामावर रुजू झाले त्या दिवशी इगतपुरीची गाडी तासभर लेट होती. मी नखशिखांत भिजलेली, केसांतून पाणी गळतंय, हातात ग्रंथपालनाच्या कोर्सचं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत. तुम्ही कार्डांच्या कपाटाशी उभ्या होतात. वरपासून खालपर्यंत मला न्याहाळलंत आणि म्हणालात, "टॉवेल देऊ का कार्डं देऊ?" मी आपली शहाणी, म्हटलं, "कार्डं द्या." तुम्ही टॉवेल दिलात. "माझी कार्डं ओल्या हाताला मिळत नाहीत," म्हणालात. तिथून आपलं सुरू झालं.

ते कपाट म्हणजे तुमचा संसार होता. शंभरेक छोटे खण, प्रत्येक खणात पुठ्ठ्याची कार्डं दाटीवाटीने उभी. पुस्तकाचं नाव, लेखक, दाखल अंक, सगळं तुमच्या अक्षरात. तुमचं घर माळ्यांचं. भावाचा मळा मखमलाबादला, मेथी, कोथिंबीर, शेवंती. तुम्ही कार्डंही तशीच हाताळायचात, जुड्या बांधताना देठ एका बाजूला करतात तशी. आणि प्रत्येक कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक ओळ. ती ओळ माझ्या कोर्समध्ये कुठेच नव्हती, म्हणून मी पहिल्याच आठवड्यात नाक मुरडून विचारलं, "हे काय लिहिलंय?"

"लोक पुस्तक कसं मागतात, ते लिहिलंय," तुम्ही म्हणालात. "लेखकाचं नाव घेऊन मागणारा क्वचित. बाकीचे गोष्ट सांगतात."

मला वाटलं, ही बाई रिकामटेकडी आहे. माफ करा, पण वाटलं खरं. मग एकदा दुपारी फुलबाजारातल्या हौसाबाई आल्या. रिकामी टोपली दाराशी ठेवून म्हणाल्या, "बाई, मागं माझ्या लेकीनं नेलं व्हतं बघा एक. त्यात ती मास्तरीण हाय, डोंगरातल्या शाळेत जाती, अन् सायकल शिकती. लय ग्वाड व्हतं. तेच द्या." मी मनातल्या मनात हसत होते. म्हटलं, आता शोधा. तुम्ही दोन खण उघडलेत, एक कार्ड वर काढलंत आणि मला क्रमांक सांगितलात. कोपऱ्यात लिहिलेलं होतं, "मास्तरीण. सायकल. मन हलकं होतं." मी पुस्तक आणून दिलं. हौसाबाईंनी जाताना तुमच्या टेबलावर मूठभर मोगरा ठेवला, माझ्या टेबलावर काही नाही.

नंतर मला त्या शेऱ्यांचं वेडच लागलं. काम नसलं की मी खण ओढून वाचत बसायचे. "पहिली पन्नास पानं रटाळ, पुढे छान, धीर धरावा." "सासू चांगली निघते." "बाळंतिणीला देऊ नये." "अक्षर मोठं, मोतीबिंदूवाल्यांना चालेल." "कव्हरवर होडी होती, ती बांधणीत गेली, तरी लोक होडीचं म्हणूनच मागतात." एका जाडजूड चरित्रावर तर तुम्ही लिहिलं होतं, "नेतात सगळे, वाचत कोणी नाही." ते वाचून मी इतकी हसले की वरिष्ठांनी आत बोलावलं. तुम्ही माझ्यामागून आत आलात आणि चूक तुमची म्हणून सांगून टाकलंत. बाहेर आल्यावर मात्र मला अर्धा तास झापलंत.

मग पहिला कॉम्प्युटर आला. तुमच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. मी आणि दोन मुली, आम्ही सगळी कार्डं आत टाईप करत होतो. तुम्ही माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिलात. बराच वेळ बघितलंत आणि विचारलंत, "आणि कोपरा?"

"ताई, याच्यात जागाच नाहीये तेवढी," मी म्हटलं. "पुढच्या वेळी नवीन आला की पहिलं काम तेच करू."

"शब्द?"

"शब्द."

तुम्ही मान डोलावलीत. तुमचा माझ्यावर विश्वास होता.

निवृत्त झाल्यावर तुम्ही घरी बसाल असं कोणाला वाटलं असेल तर ते वेडे. दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला हजर! आता सभासद म्हणून. खिडकीशेजारची जागा, पिशवीत मळ्यातले पेरू, चष्मा नाकाच्या टोकावर. आणि मजा बघा, त्या कॉम्प्युटरला पुस्तकाचं नाव जसंच्या तसं लागायचं. एक शब्द इकडचा तिकडे झाला की "नोंद आढळली नाही." लोक तिथे दोनदा डोकं आपटायचे आणि मग गुपचूप खिडकीकडे वळायचे. देवघेवीच्या काउंटरवर मी, ग्रंथपाल म्हणून बढती मिळालेली, पाटी लावून बसलेली, आणि रांग तुमच्यापुढे! मला हेवा वाटायचा, ताई. कधी बोलले नाही, पण जळायचे मी. पेरू मात्र खायचे तुमचे.

या वर्षी वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाने ठरवलं, जुना कॉम्प्युटर काढून सगळं नवीन करायचं. पल्लवी नावाची सॉफ्टवेअरवाली मुलगी काम बघत होती. हुशार पोरगी. तिने सर्चचा चेहराच बदलून टाकला. एकच चौकट, त्यात काहीही लिहा, अर्धवट लिहा, चुकीचं लिहा. पुस्तकाच्या कव्हरचा फोटो दिसणार, पुस्तक आत आहे का बाहेर ते कळणार, घरबसल्या मोबाइलवरून राखून ठेवता येणार. मी हवेतच होते. रोज उठून मंडळाच्या लोकांना दाखवायचे, बघा हे बघा, ते बघा. आणि त्या सगळ्या गडबडीत दिलेला शब्द मी साफ विसरले. विसरले म्हणणं सोपं आहे. आठवण झाली होती एकदा. आता कुठे वाढवा काम, म्हणून मी ती आठवण बाजूला सारली.

तो दिवस तुम्हाला आठवत असणार. मंडळाचे चार जण, पल्लवी, मी. तुम्ही खिडकीतून उठून आलात. म्हणालात, "बघू दे गं मला." पल्लवीने खुर्ची दिली. तुम्ही एका बोटाने, एकेक अक्षर शोधत टाईप केलंत, "प्रवासाचं, मोठ्या अक्षराचं, फार रडारड नसलेलं." आम्ही सगळे वाट बघत उभे. स्क्रीनवर आलं, "क्षमस्व, काहीही सापडलं नाही."

"याला माणसाचं बोलणं कळत नाही," तुम्ही म्हणालात. मग माझ्याकडे वळलात. "सुरेखा, कोपरे कुठे आहेत?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझं तोंड उतरलं, आणि तोंड उतरलं की माझी जीभ सुटते हे तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हणाले, "ताई, तुमचे शेरे आता कोणाला हवेत? गोष्टी सांगत बसायचे दिवस गेले. हे वाचनालय आहे, गावचा पार नाही."

मंडळाचे एक जण हसले. मला त्यांच्या हसण्याचं बरं वाटलं, हेही सांगून टाकते, लपवून आता काय करायचंय.

तुम्ही भांडला नाहीत. तिथेच मला कळायला हवं होतं. तुम्ही फक्त म्हणालात, "तू शब्द दिला होतास." पिशवी उचललीत आणि गेलात. दुसऱ्या दिवशी अकरा वाजले, साडेअकरा वाजले, खिडकी रिकामी. आठ दिवसांनी तुमच्याकडचं पुस्तक शेजारच्या बाईंच्या हाती परत आलं. मला वाटलं आत एखादी चिठ्ठी असेल, पानं झाडून बघितली. काही नव्हतं. मग माझंही डोकं फिरलं. म्हटलं, असू दे! इतका कसला ताठा! मीच का नमतं घ्यायचं दर वेळी? दर वेळी तुम्हीच नमतं घेतलेलं असायचं, पण रागात एवढं कुठे सुचतं.

आणि एका रविवारी सकाळी तुमच्या भाच्याचा फोन आला. आत्या चहा पिता पिता गेली म्हणाला. मी मखमलाबादला आले, ताई. जायचं जायचं म्हणून तीन आठवडे जो रस्ता मला झेपत नव्हता, तो वीस मिनिटांचा निघाला. तुमच्या वहिनी मला बघून उठल्या. मी म्हटलं, "माझ्यावर रागावल्या होत्या." कोणीतरी म्हणावं, नाही हो, तसं काही नव्हतं, एवढीच माझी अपेक्षा. पण त्या तुमच्याच घरच्या! म्हणाल्या, "हां, लय रागावल्या व्हत्या. पण तुमचं नाव काढल्याबिगर एक दिस जेवल्या नाय."

त्याच संध्याकाळी मी पल्लवीला फोन लावला. म्हटलं, मला एक जागा पाहिजे, प्रत्येक पुस्तकाला एक ओळ, आणि ती ओळ सर्चमध्ये सापडली पाहिजे. कितीही वेळ लागू दे. ती म्हणाली, "मॅडम, तो रकाना आहे की. 'टीप' म्हणून. तुमच्याकडून कोणी मागितला नाही म्हणून मी लपवून ठेवलाय. आत्ता चालू करते." आणि खरंच, मी फोन कानाला धरून उभी असतानाच तिने तो चालू केला. इतकंच होतं ते काम. मी विचारलंच नव्हतं, ताई.

कार्डांचं कपाट मागच्या खोलीत जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांमागे होतं. ते रद्दीत काढायचं पत्रही तयार होतं, खाली सही माझीच. पत्र फाडलं, गठ्ठे हलवले, खण बाहेर काढले. पेन्सिल पुसट झालेली, काही कार्डांना वाळवी, पण अक्षर लागत होतं. मी, आपला शिपाई वाळू आणि दोन वाचक बायका, आम्ही दुपारच्या वेळी बसायचो. एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाईप करायचं. हरसूलचा वाळू, एरवी तोंडातून शब्द निघत नाही त्याच्या, पण तुमचा शेरा वाचला की खो खो हसायचा. "म्याडम, ऐका, 'विनोदी आहे असं लेखकाचं म्हणणं'." आम्ही हसायचो आणि पुढचं कार्ड काढायचो. एक शब्द बदलायचा नाही, जसंच्या तसं टाकायचं, असा माझा हुकूम होता. कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत वीस-बावीस खण झाले. बाकीचे चालू आहेत.

कार्यक्रम कसा झाला ते सांगते, तुम्हाला उत्सुकता असणारच, नाही म्हणू नका. प्रमुख पाहुणे तासभर बोलले, त्यात सर्चबद्दल एक वाक्य नाही. चहा मधेच आला. मग मी उठले, पडद्यावर स्क्रीन लावली आणि लोकांना दाखवायला लागले. इथे लिहायचं, इथे दाबायचं, हिरवं दिसलं तर पुस्तक आत आहे, लाल दिसलं तर बाहेर. एका आजोबांनी हात वर केला. "ते सगळं ठीक आहे हो, पण पुस्तक कपाटातून हाच काढून देणार का?" दुसरे म्हणाले, "माझ्या मोबाइलवर येत नाही," आणि मोबाइल बंदच होता त्यांचा. पुढच्या रांगेत हौसाबाईंची लेक होती. ती उठून म्हणाली, "मॅडम, नाव नाही आठवत. गोष्ट सांगितली तर चालेल?"

मी तिला म्हटलं, "तुम्हीच लिहा." तिने लिहिलं, "मास्तरीण सायकल." पडद्यावर पुस्तक आलं. खाली तुमची ओळ, "मन हलकं होतं."

मग काय विचारता! ज्याला त्याला लिहायचं होतं. होडीचं, चांगल्या सासूचं, मोतीबिंदूचं. चरित्रावरचा शेरा पडद्यावर आला तेव्हा पाहुण्यांसकट सगळे हसले, कारण ते चरित्र पाहुण्यांनीच वाचनालयाला भेट दिलेलं. मंडळाचे तेच, त्या दिवशी हसलेले गृहस्थ माझ्याजवळ येऊन म्हणाले, "वा मॅडम, काय कल्पना आहे!" मी माइक घेतला आणि सांगितलं, कल्पना इंदूताईंची, आणि मी त्यांना याच जागी चारचौघांत नको ते बोलले, आणि त्याबद्दल माफी मागायची राहून गेली. पाहुण्यांना काही कळेना. मला वाटलं होतं, एवढं बोलल्यावर छाती हलकी होईल. नाही झाली. चारशे माणसांपुढे मागितलेली माफी काय कामाची, ज्या एका माणसाने ऐकायची ते नसल्यावर.

आणि आज दुपारची गोष्ट. काउंटरवर एक बाई आल्या, तिशीतल्या, नर्सच्या ड्युटीवरून थेट आलेल्या, याच महिन्यातल्या सभासद. हातात पुस्तक, कार्यक्रमानंतर सोमवारी नेलेलं. म्हणाल्या, "वाचून झालं, पण शेवटची पानंच नाहीत." मी ओशाळून माफी मागायला लागले, तर म्हणाल्या, "नाही नाही, ते मला माहीत होतं. तुमच्या सर्चमध्ये लिहिलंय ना." मोबाइल पुढे धरला. तुमची ओळ होती, "शेवटची पाच पानं नाहीत. शेवट इंदूला विचारावा."

मीच टाईप केलेली. एक शब्द बदलायचा नाही, या माझ्याच हुकमाप्रमाणे.

"या इंदू मॅडम कुठे बसतात?" त्यांनी विचारलं.

ती कादंबरी तुम्हीच मला वाचायला लावली होती, ताई. एका घरातल्या दोन जावा, कसल्याशा कारणावरून बिनसतं, मधे भिंत येते, आणि वर्षानुवर्षं दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. मीही फाटक्या पानापाशी येऊन तुमच्याकडे धावले होते. तुम्ही सांगायला सुरुवात केलीत आणि माझी साडेपाचची गाडी होती. "उद्या सांगा," म्हणून मी पळाले. दुसऱ्या दिवशी काहीतरी काम निघालं. मग मी कधी विचारलंच नाही. तुम्हाला सगळं सवडीने विचारता येईल असंच धरून चालले होते मी.

मी त्या बाईंना म्हटलं, "बसा. मला सांगितलाय त्यांनी शेवट." खोटं बोलले. सरळ खोटं.

त्या खुर्ची ओढून बसल्या. "मग? बोलतात का त्या दोघी?"

"बोलतात," मी म्हटलं.

"आधी कोण बोलतं?"

"धाकटी. धाकटी जाते मोठीच्या दारात."

"आणि मोठी काय म्हणते?"

"मोठी म्हणते, किती उशीर केलास गं," मी म्हणाले.